गिळलेल्या अक्षरांचा वर्ग

पहिल्याप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘अँड’ या शब्दातला डी मी एकतीस वर्षांत कोणालाही गाळू दिलेला नाही. मग तो आठवीचा वर्ग असो, तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा असो, की शाळा तपासायला आलेले साहेब असोत. साहेबांनासुद्धा मी भाषणाच्या मध्येच नम्रपणे थांबवून डी लावायला लावला होता. त्यानंतर आमच्या शाळेची कुंपणाची भिंत मंजूर व्हायला चार वर्षं लागली. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं हेडमास्तर म्हणत. मी म्हणत नाही.

हे आधी सांगितलं म्हणजे पुढची माझी अधोगती नीट कळेल.

पाठ पहिला

धसईच्या पुढे, सिद्धगडाकडे तोंड करून बसलेलं आमचं गाव. मी निवृत्त इंग्रजी शिक्षक. गावात मला शेखर सर म्हणतात, आणि माझी पत्नी माधुरी मला काहीच म्हणत नाही, थेट विषयाला हात घालते. तर दिवाळी संपून भात कापून झालं होतं, मी ओटीवर पेपर वाचत होतो, आणि मागच्या घरातली शकू आपल्या लेकीला हाताला धरून अंगणात आली.

“सर, तुमी आमच्या पोरीला कुठला इंग्लिश शिकवलात?”

“कुठला म्हणजे? इंग्रजी एकच असतं.”

“तो फोनवाली बाई बोलत नाय तो. यीला दहावीला एक्याऐंशी दिलेत तुमी. मंग कळला कसा नाय?”

अक्षदा मान खाली घालून उभी होती. बी.कॉम. झालेली, माझी विद्यार्थिनी. तिला ठाण्यातल्या एका कंपनीचा फोन आला होता. परदेशातली माणसं फोन करून हॉटेलातल्या खोल्या ठरवतात, ते फोन घ्यायचं काम. मुलाखतही फोनवरच. मॅडमनी सहा प्रश्न विचारले. अक्षदाने सहाही प्रश्नांना “येस मॅडम” असं उत्तर दिलं. त्यातला एक प्रश्न ‘तुझं नाव काय’ असा होता, हे मागाहून कळलं.

“तीन आठवड्यांनी परत घेनार हायेत,” शकू म्हणाली. “तिसऱ्यांदा नाय घेत.”

“अगं, दुसरी नोकरी मिळेल की.”

त्यावर अक्षदाने मान वर केली. “वाशिंदला कारखान्यात पॅकिंग केलं मी आठ महिने, सर. उभ्यानं. आता मला बसून बोलायचं काम पायजे.”

इतकं साधं मागणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी खुर्चीत सरळ झालो आणि म्हणालो, “रेकॉर्डिंग आहे का?”

होतं. तिच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप साठतात. तिने ते लावलं. मी डोळे मिटून ऐकलं. धसईच्या भाताच्या गिरणीत पट्टा घसरल्यावर जो आवाज येतो तो ओळखीचा वाटला. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर, समोर एक आई आणि एक लेक माझ्या तोंडाकडे बघत असताना, मी गंभीरपणे म्हणालो, “नेटवर्क खराब आहे.”

“नेटवर्क बरं होतं, सर,” अक्षदा हळूच म्हणाली.

पाठ पहिला (पुन्हा)

दुपारी दार लावून घेतलं आणि ते रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने लावलं. निम्म्या वेगाने मॅडम म्हशीसारख्या बोलत होत्या, पण बोलत इंग्रजीच होत्या. मी वही घेतली. तीन दिवसांत जे उघडकीला आलं ते इथे तसंच देतो.

डिड यू. याचं होतं ‘डिज्यू’. हा जे कुठून आला? पत्ता नाही.
गोइंग टू. याचं ‘गॉना’. एकाच शब्दात दोन अपघात.
नेक्स्ट डे. टी बेपत्ता.
लेट मी. ‘लेमी’.
टेन बॉइज. यातला एन पुढच्या बीला घाबरून एम होतो. उच्चारांच्या एका जुन्या पुस्तकात हे वाचून मला त्या एनची कीव आली.
अँड. ‘न्’. नुसता ‘न्’.

वही मिटली. उठून पाणी प्यायलो. एकतीस वर्षं मी ज्याची राखण केली तो डी तिकडे ठाण्यात लोक दिवसाढवळ्या गिळत होते, आणि त्यांना पगार मिळत होता.

“त्यात काय एवढं?” माधुरी म्हणाली. “तुम्ही तरी ‘मी बाजारात जात आहे’ असं कधी म्हणता? ‘बाजारात जातोय’ म्हणता. मधलं कुठे जातं?”

“ती मराठी आहे.”

“मग इंग्रज काय चावून चावून बोलतात?”

(इथे माधुरीच्या या वाक्यावर मी तीन परिच्छेद लिहिले होते. तिने वाचले आणि काढायला लावले.)

सल्ले

आमच्या गावात कुठलंही काम सुरू करायला भांडवल लागत नाही. सल्ले लागतात, आणि ते घरपोच येतात.

पहिला आला गणू. धसई ते मुरबाड काळी-पिवळी जीप चालवतो. माझाच विद्यार्थी. तो अंगणात आला आणि बसला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाला, “सर, ऐकला त्यो खरा काय? अँडचा नुसता ‘न्’ चालतो?”

“भरभर बोलताना चालतो. म्हणजे चालतो असं दिसतंय.”

“नववीला मी ‘न्’च बोल्लो व्हतो. ब्रेड न् बटर. तुमी मला आख्खा तास भिंतीकडं तोंड करून उभा केलात. सगळा वर्ग हसला व्हता मला.”

“गणू, त्याला आता वीस वर्षं झाली.”

“मंग भिंतीकडं मी किती बघितला त्याचा काय?”

 मी म्हणालो, “माझी चूक झाली.” तो समाधानाने बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, “आता आयका माझं. येकदम फास्ट बोलायचं असंल तर दारात उभं राहून बोला. मी बोलतो ना, धसैसर्ळगावमुर्बाड! बसून श्वास उरतो, मंग माणूस आख्खे शब्द बोलतो.”

दुसरा सल्ला शहापूरहून आला. अनिल हा माझा जुना मित्र. आम्ही अनेक वर्षं एकत्र पेपर तपासले. तो फोनवर म्हणाला, “शेखर, पुस्तकातून काही व्हायचं नाही. खरा गोरा माणूस ऐक. इकडे धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर एक गोरा येऊन राहिलाय. ये.”

मी दोन एसट्या बदलून शहापूरला गेलो. अनिलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिसॉर्टच्या मॅनेजरला आम्ही ‘शैक्षणिक कामासाठी’ असं सांगितलं, आणि त्या उंच, लाल झालेल्या माणसासमोर वही उघडून बसलो. मी विचारलं, “सर, प्लीज स्पीक फास्ट.”

त्याने विचार केला. मग म्हणाला, “माय. नेम. इज. टोमाश. आय. अ‍ॅम. फ्रॉम. पोलंड. अँड. आय. लाइक. राइस.”

डीसुद्धा स्वच्छ होता. काय सांगू, इतकं सुंदर इंग्रजी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आम्ही दीड तास बोललो. त्याला माझा शब्द न् शब्द कळला, मला त्याचा. निघताना आम्हा दोघांचेही डोळे भरून आले होते. उपयोग शून्य.

अर्ज

घरी वर्ग घेणं दोन दिवसांत अशक्य झालं. अक्षदा यायची, तिच्याबरोबर शकू यायची, शकूबरोबर निवडायची मेथी यायची, आणि माधुरी म्हणाली की ही ओटी आहे, शाळा नाही. म्हणून ग्रामपंचायतीचं सभागृह मागायचं ठरवलं.

प्रति,
मा. ग्रामसेवक
विषय : इंग्रजी अक्षरे गिळण्याच्या वर्गासाठी सभागृह मिळणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, जलद बोलताना कोणती अक्षरे गिळावीत व कोणती गिळू नयेत याचा सराव करण्यासाठी सायंकाळी पाच ते सहा या वेळेत सभागृह मिळावे. गिळण्याने होणाऱ्या परिणामांची जबाबदारी अर्जदाराची राहील.

शेवटचं वाक्य मी जबाबदार नागरिक म्हणून लिहिलं होतं. त्यानेच घात केला. आमचे ग्रामसेवक अमोल भाऊसाहेब हे कागद पूर्ण वाचणारे गृहस्थ आहेत, आणि असा माणूस सरकारी खात्यात फार धोक्याचा. त्यांनी अर्जावर लाल शाईने शेरा मारला : ‘गिळण्याची बाब असल्याने आरोग्य उपकेंद्राचा ना-हरकत दाखला जोडावा.’

“भाऊसाहेब, अहो अक्षरं गिळायचीयत. गोळ्या नाहीत.”

“सर, मला कळतंय हो. पण उद्या कोणी कागद बघितला तर? कागदाला कळत नाही.”

उपकेंद्रात गेलो. सिस्टर म्हणाल्या, “किती वर्षांवरच्या मुलांना देणार?”

“काय?”

“जे काय गिळवणार ते.”

मी समजावलं. त्यांनी माझं ब्लडप्रेशर घेतलं. मग दाखला दिला : ‘सदर वर्गात तोंडावाटे काहीही दिले जाणार नाही, या अटीवर हरकत नाही.’ भाऊसाहेबांनी तो जोडला आणि आणखी एक अट घातली. सभागृह सार्वजनिक असल्याने वर्ग एकट्या अक्षदासाठी घेता येणार नाही. तो सर्व ग्रामस्थांसाठी खुला ठेवावा लागेल.

मी सही केली. मला वाटलं, येणार कोण?

पाठ पाचवा (मधले पाठ झाले नाहीत, त्यात खुर्च्या लावल्या)

पहिल्या दिवशी अकरा जण आले. दुसऱ्या दिवशी सव्वीस. भाजी विकून धसईच्या बाजारातून परत येणारी धोंडीबाई टोपलीसकट पहिल्या रांगेत बसली. वय साठीच्या पुढचं. शाळेत कधी गेली नाही म्हणून तिच्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं, सगळं थेट आत जायचं.

शिकवण्याची पद्धत मला एकच येते. मी म्हणायचं, वर्गाने एका सुरात म्हणायचं. आमच्याकडे पाढे असेच आले, कविता अशाच आल्या, ठाणे जिल्ह्यातल्या नद्या अशाच आल्या. तर मी उजव्या हाताचं बोट वर करायचो आणि एक गिळलेलं वाक्य टाकायचो, “वॉच्याडूइन?” आणि वर्ग ते उलगडून परत द्यायचा, “व्हॉट — आर — यू — डूइंग!”

“वेर्यागोइन?”

“व्हेअर — आर — यू — गोइंग!”

गोडी लागली लोकांना. अर्थ कोणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही गैर वाटलं नाही. गणिताच्या तासालाही कोणी विचारत नाही. आठवड्याभरात ते गावभर झालं. गणू जीप थांबवून नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना ओरडायचा, “वेर्यागोइन?” आणि काठावरून एका सुरात उलगडा यायचा. मुरबाडला जाणाऱ्या एका अनोळखी पाहुण्याला जीपमध्ये सगळ्यांनी मिळून असं काही उलगडून दाखवलं की तो सरळगावच्या आधीच उतरला.

फक्त एक अडचण होती. सगळं गाव पुढे चाललं होतं आणि अक्षदा मागे पडत होती.

तिला उलगडता यायचं. पण गिळता यायचं नाही. बोलायला लागली की प्रत्येक शब्द वेगळा, कडक, पूर्ण. टोमाशसारखा. दोष कोणाचा हे सांगायला नको. तिला तसं बोलायला मीच शिकवलं होतं, पाचवीपासून. मुलाखतीला सहा दिवस राहिले आणि ती वर्गाला आलीच नाही.

खळं

“झोडणीला हाय ती,” शकू म्हणाली. “आन् सर, सोडून द्या आता. पोरगी रडतेय. तुमच्यावर राग नाय आमचा.”

राग नाही, हे ऐकणं रागापेक्षा वाईट असतं. मी तसाच त्यांच्या खळ्यावर गेलो. अक्षदा आणि धोंडीबाई समोरासमोर उभ्या राहून भाताचे भारे फळीवर आपटत होत्या. धूळ, पेंढा, अंगाला खाज. मी रुमाल नाकाला लावून म्हणालो, “अक्षदा, हात चालू राहू दे. तोंडाने म्हण. व्हॉट आर यू गोइंग टू डू ऑन संडे.”

ती म्हणू लागली. शब्दाला एक तडाखा. व्हॉट, धप्. आर, धप्. यू, धप्. चौथ्या शब्दाला ती दमली.

धोंडीबाईने भारा खाली ठेवला. “मास्तर, तुमी कधी झोडणी केलीय?”

“नाही.”

“दिसतंय. परत्येक शब्दाला हाणलं तर पोरगी मरंल. जड शब्दाला हाणायचं. हलके हायेत ते भारा वर उचलताना जाऊन द्यायचे तोंडातून. हां, म्हण गो. जड कुठला हाय?”

अक्षदा थांबली. ओठ हलवून बघितलं. मग भारा उचलला.

“वॉट,” धप्, “च्यागॉना डू,” धप्, “ऑन संडे,” धप्.

तीन तडाखे. बाकीचं सगळं हवेत, भारा वर जाताना. आणि ते इंग्रजी होतं. ते रेकॉर्डिंगमधलं इंग्रजी होतं! मी रुमाल खाली केला. एकतीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं की ही भाषा सगळ्या शब्दांना सारखं वागवतच नाही. काहींना ती झोडते आणि काहींच्या अंगावरून नुसती निघून जाते. मी सगळ्यांना झोडत बसलो होतो.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दोघींनी आठ पोती भात झोडलं, सगळं इंग्रजीत. मध्ये मीही एक भारा आपटून बघितला. फळीच्या ऐवजी माझ्या गुडघ्याला लागला. असो.

सूचना

‘उद्या सकाळी ११ वाजता सभागृहात कु. अक्षदा हिची फोनवर मुलाखत असल्याने सर्व ग्रामस्थांनी शांतता राखावी. — आदेशावरून.’

ही सूचना फळ्यावर लावायची कल्पना माझी. सभागृहात नेटवर्क बरं येतं म्हणून ते मागितलं होतं. सूचना वाचून सकाळी साडेदहालाच चाळीस माणसं शांतता राखायला हजर झाली.

“भाऊसाहेब, यांना घालवा.”

“सर, शांतता राखायला माणसं लागतातच की. रिकाम्या जागी कोण राखणार?”

शेवटी मी सगळ्यांना बाहेर काढून व्हरांड्यात खिडक्यांखाली बसवलं. आत फक्त अक्षदा, शकू आणि मी. अक्षदाच्या फोनचा कानाला लावायचा भाग गेल्या पावसाळ्यात फोन भातखाचरात पडल्याने बिघडला होता, त्यामुळे स्पीकर लावण्याशिवाय इलाज नव्हता.

अकरा वाजता फोन आला. नम्रता मॅडम. तोच पट्टा, तीच गिरणी.

“हाय अक्षदा, हार्यूडूइन्टडे?”

अक्षदाची हनुवटी किंचित वर गेली, भारा उचलावा तशी, आणि खाली आली. “आम गुड, मॅडम. हाबाउट यू?”

शकूने माझा हात दाबला. तिला काही कळलं नव्हतं, पण लेकीने ‘येस मॅडम’ म्हटलं नाही एवढं कळलं. दुसरा प्रश्न आधीच्या नोकरीबद्दल. अक्षदा बोलली, पॅकिंग, आठ महिने, सगळं वाहत्या पाण्यासारखं. मी भिंतीला टेकलो. मग तिसरा प्रश्न आला.

“ओके. सो, इफ अ कस्टमर्गेट्सँग्री, वॉच्यागॉनाडू?”

आणि मॅडम थांबल्या. वर्गात मी थांबतो, अगदी तेवढ्याच.

चारही खिडक्यांतून एका सुरात उत्तर आलं, “व्हॉट — आर — यू — गोइंग — टू — डू!”

फोनमध्ये मॅडम दचकल्या. मग, “हूज्दॅट?”

“हू — इज — दॅट!”

“इज्समबडिदेर?”

“इज — समबडी — देअर!”

मी धावत खिडकीशी गेलो आणि ‘गप्प’ म्हणून बोट वर केलं. वर्गात मी हेच बोट वर करतो. चाळीस तोंडं एकदम उघडली आणि मागचं वाक्य दुप्पट जोराने आलं. मी बोट खाली केलं, तेव्हा कुठे थांबले, आणि शाबासकीची वाट बघत राहिले. गणू तर चक्क हसत होता.

मी मागे वळलो. अक्षदाच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. बसून बोलायचं काम समोर, टेबलावर, फोनमधून निघून चाललं होतं, आणि ते घालवणारा वर्ग माझा होता.

तिने फोन ठेवला नाही. नाक ओढलं आणि इंग्रजीत सांगितलं की मॅडम, तो माझ्या सरांचा वर्ग आहे; मला तुमचं बोलणं कळावं म्हणून सगळं गाव तुमच्यासारखं बोलायला शिकलं.

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. मग, “पुट्टिमॉन.”

अक्षदाने फोन माझ्यापुढे धरला. “सर, तुम्हांला बोलवतायत.”

“हालाँग्व्याबिन्टीचिन?” मॅडम म्हणाल्या.

मी एकतीस वर्षांचा अनुभव एकवटला. “पार्डन?”

त्या परत म्हणाल्या. त्याच वेगाने.

“पार्डन?”

खिडक्यांमध्ये चाळीस डोकी होती. माझे कान गरम झाले. तिसरा ‘पार्डन’ मी नुसता श्वासात म्हणालो असेन. तेवढ्यात अक्षदा माझ्याकडे वळली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवून, मी पाचवीत फळ्यावर लिहून द्यायचो तसं म्हणाली, “सर. हाउ. लाँग. हॅव. यू. बीन. टीचिंग.”

“आय,” मी सुरुवात केली, “हॅव. बीन. टीचिंग. इंग्लिश—”

“हॅलो? हॅलो?” मॅडमना फोन कट झाला असं वाटलं.

“थर्टीवन यिर्ज, मॅडम,” अक्षदा मध्ये पडली.

पुढची सात-आठ मिनिटं हे असं चाललं. मॅडम माझ्याकडे ओतायच्या, अक्षदा ते गाळून माझ्या पुढ्यात ठेवायची. मी बोलायचो, अक्षदा ते दाबून, बांधून पलीकडे फेकायची. मला राग आला होता आणि मजाही येत होती. तुम्ही लोक ‘हँडबॅग’मधला डी का मारता, असं मी सरळ विचारलं. मॅडमनी काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. अक्षदाने ते मला समजावलं. मला पटलं नाही. तिने ‘सरांना पटलं नाही’ हे त्यांना इतकं गोड करून सांगितलं की त्या पुन्हा हसल्या. ही मुलाखत आहे, हे मी विसरलो होतो. अक्षदा विसरली नव्हती.

शेवटी मॅडम तिला काहीतरी म्हणाल्या. अक्षदा “येस मॅडम” म्हणाली. फोन बंद झाला.

 येस मॅडम! मागच्या वेळचंच उत्तर. शकूने पदर तोंडाला लावला. मी खिडकीकडे बघितलं. पण मघाशी मी बोट खाली केल्यापासून वर्ग पहिल्यांदाच शांतता राखत होता. मग खिडकीच्या गजाआडून एकट्या धोंडीबाईने, आठवून आठवून, उलगडलं, “क्यान — यू — स्टार्ट — ऑन — मंडे.”

“म्हंजे काय गो?” शकूने विचारलं.

“मला काय ठाव? मी नुसतं उलगडलं.”

अक्षदा मटकन खुर्चीत बसली. “सोमवारपासून ये म्हणतायत, आई.”

इतिवृत्त

यानंतरच्या ग्रामसभेत ठराव क्रमांक सात असा झाला : ‘मुलाखतीच्या वेळी श्री. शेखर सर यांनी काहीही न समजल्याचे उत्तम सोंग वठवून कु. अक्षदा हिची परीक्षा यशस्वी केल्याबद्दल त्यांचा शाल व नारळ देऊन सत्कार करण्यात येत आहे.’

याचं मूळ खुद्द मॅडममध्ये होतं. त्यांनी अक्षदाला नंतर सांगितलं की त्यांना फोन करणारे निम्मे लोक वाऱ्यासारखे बोलतात आणि निम्म्यांना काही केल्या ऐकलेलं कळत नाही. त्या दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक तुझ्या सरांनी हुबेहूब केलं, त्यांना माझ्याकडून धन्यवाद सांग. शकूने हे गावभर केलं. गणूने जीपमधून सरळगावपर्यंत नेलं. अनिलने शहापूरहून फोन केला, “अरे, तू नट आहेस हे मला कधी सांगितलं नाहीस.”

शाल अंगावर पडली आणि मला राहवेना. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. मी उठलो आणि म्हणालो, “मंडळी, गैरसमज झाला आहे. मी सोंग केलं नव्हतं. मला त्या बाईंचं एक अक्षरही कळलं नव्हतं.”

 मग गणू पोट धरून हसायला लागला. “बघा, अजून सोडत नायत!”

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. भाऊसाहेबांनी माझं ते वाक्यही इतिवृत्तात घेतलं, कंसात ‘हशा’ असं लिहून. धोंडीबाई उठून म्हणाली, “मास्तर, असं सोंग आमच्या जत्रंतल्या तमाशालापन जमत नाय.” माधुरी मागच्या रांगेत बसली होती. ती हसत नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं ठाऊक होतं. पण तिने नारळ मागून घेतला, घरी लागणार होता म्हणून.

सभा संपल्यावर अक्षदा दारात भेटली. दुसऱ्या दिवशी ती वाशिंदला मावशीकडे राहायला जाणार होती, तिथून ठाण्याला ये-जा. मी म्हणालो, “अक्षदा, तू तरी विश्वास ठेव. मला खरंच—”

“माहीत आहे, सर.” ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे शाल घातलेल्या माणसाची शान जाऊ नये इतक्या हळू. “मी शेजारीच होते ना. तुमचे कान लाल झाले होते.”

“मग सांगितलं का नाहीस कोणाला?”

त्यावर ती वाकली, पाया पडली, आणि उठता उठता इंग्रजीत काहीतरी म्हणाली. एकच वाक्य. पण काय वेग! सगळे शब्द एकमेकांत मिसळलेले, फक्त दोन-तीन ठिकाणी तडाखा, बाकी हवेत. मला काही म्हणजे काही कळलं नाही. आजूबाजूला वर्गातलं कोणी उलगडायला नव्हतं. सगळे चहाकडे गेले होते.

‘पार्डन’ माझ्या ओठांवर आला होता. मी तो म्हटला नाही.

आयुष्यात एकदाच एक उत्तर न वाचता तपासलं, आणि पूर्ण मार्क दिले.